झाकलेला कोंबडा

बरण्यांच्या ओट्याभोवती कोंबडा लावायचाच, हा सासूबाईंचा नेम.
सतरा बरण्या, मातीच्या, ढेरपोट्या,
कुणात सोयाबीनचं काळं पाणी, कुणात मिरचीचं आंबवण,
एकीत नुसतं मीठ.
"गोम येत नाही," त्या म्हणायच्या. "कोंबड्याला भिते."
मला तेव्हा त्यांच्या भाषेतले चाळीस शब्द येत होते,
त्यात गोम नव्हती.
त्यांनी माझ्या मनगटावरून बोटं चालवून दाखवली, भराभर.
मी किंचाळले. त्या हसल्या नाहीत.

फूल मात्र मला येत होतं.
आमच्या सा डेकला पाण्यावर फळ्या, फळ्यांवर करंड्या,
करंडीत कोंबडा.
बाबा होडीतून झाडांना पाणी घालायचे,
मी होडीच्या नाकावर बसून पिवळी पानं खुडायची.
तिथं हे फूल टेटला येतं, नव्या वर्षाला,
दाराच्या उजवीकडे एक करंडी, डावीकडे एक.

इथं जिनानच्या पठारावर ते ऑगस्टात पेटतं
आणि ऑक्टोबरात एका रात्री दव गोठलं
की सकाळी तुरा काळा, ओल्या पोतेऱ्यासारखा.
पहिल्या वर्षी टेटच्या पहाटे मी दार उघडलं:
उजवीकडे बर्फ,
डावीकडे बर्फ.
कुणाला काही बोलले नाही.
त्या चाळीस शब्दांत ते बसत नव्हतं.

त्यांचं नाव बुन-ई. गावात सगळे म्हणत तॅ-सिकची आई.
दुसऱ्या वर्षी, चुसॉकची भांडी घासून झाल्यावर,
त्यांनी कात्री घेतली.
दव सुकल्यावर, ऊन चढायच्या आत,
हातभर दांडे कापले, पानं ओरबाडली,
किडके तुरे कोंबड्यांना टाकले,
खऱ्या कोंबड्यांना.
मी सुतळी आणली. ती त्यांनी माझ्या हातातून काढून घेतली.
सुतळीनं बांधलं तर दांडा वाळून आकसतो,
गाठ सैल पडते, फूल खाली येतं आणि उंदीर नेतात.
त्यांनी एप्रनच्या खिशातून पिवळी रबरबँडं काढली,
बाजारच्या पालकाची, वर्षभर जमवलेली.
दांडा बारीक होतो तसं रबरही बारीक होतं.
हे त्यांनी सांगितलं नाही.
नोव्हेंबरात मला दिसलं.

सासऱ्यांची तंबाखू वाळवायची मातीची कोठी,
ते गेल्यापासून रिकामी.
तिथं बावीस जुड्या, तोंडं खाली,
झरोक्याला काळं कापड.
अंधार कशाला? मी विचारलं.
"उन्हात चहाच्या चोथ्यासारखं होतं.
कोंबडं झाकलं,
तरच तांबडं राहतं."

खाली जुन्या कॅलेंडरचं पान, शेतकी बँकेचं, मोठ्या आकड्यांचं.
त्यावर बी झडायला लागलं, काळं, चकचकीत, खसखशीएवढं,
आधी मेच्या एकवीस तारखेवर,
मग आठवडाभर सगळ्या तारखांवर.
रात्री कोठीत गेलं तर ऐकू यायचं,
निदान मला तसं वाटायचं.
तॅ-सिक म्हणाला, आई याच्या पट्ट्या चिरून
भाताच्या दारूत फुगवलेल्या वड्यांवर लावते, दरसाल.
पण वाळवताना कधी पाहिली नाही.

टेटच्या पहाटे मी दार उघडलं. बर्फ होताच.
उजवीकडे कान तुटलेली बरणी,
डावीकडे मिठाची, धुऊन उपडी करून पुन्हा सुलटी केलेली,
दोन्हींत कोंबडा, ठासून,
रंग वाळल्या बिटाच्या फोडीसारखा.
मी आईला फोन लावला.
जवळ ने, ती म्हणाली, आणखी जवळ. प्लॅस्टिकची आहेत का गं?
मागून सासूबाई ओरडल्या,
दार लाव आधी, घर गार पडतंय.

आता बरण्या अकरा, आणि रबरबँडं माझ्या खिशात.
काल ओट्यावरून एक गोम गेली,
कोंबडा चहूबाजूंनी फुललेला असताना,
सावकाश, एकेक पाय मोजून टाकत.
मी मोठ्यानं तिचं नाव घेतलं,
त्यांच्या भाषेत, बिनचूक.
ती थांबली नाही.